रिबेका, ते तीन वेढे माझे

रिबेका,

तू गेल्यावर तुझ्याविषयी जे छापायचं ते आयझॅकभाऊंनी छापलं. जन्म कुठला, ट्रेनिंग कुठलं, कुठल्या वॉर्डात किती वर्षं सिस्टर होतीस, सगळं व्यवस्थित. धाकटा भाऊ म्हणून ते त्यांना करायलाच हवं होतं. पण वाचून मला वाटलं, ही कोण बाई? हिच्या नखांत ग्रीस नाही. हिने आयुष्यात कोणाला "बाजूला हो नलू, तुला जमायचं नाही" असं म्हटलेलं दिसत नाही. म्हणून आज स्वयंपाक लवकर उरकून मी टेबलाशी बसले आहे. परवा तुझ्या घरी जे झालं ते तुला सांगायचं आहे, पण ते समजायला आधी मी सात वर्षं लपवलेली एक गोष्ट सांगावी लागेल. तेव्हा सुरुवातीपासूनच सांगते. मध्ये बोलू नकोस. एवढी एकच सोय आता झाली आहे.

तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पडद्याआडून. तो वीजकपातीचा हिवाळा होता. हे नुकतेच एडिनबराला गेले होते. लंडनमध्ये मनासारखी पोस्ट मिळेना, तिकडे वर्षभराची रजिस्ट्रारशिप मिळाली, क्वार्टर एका माणसाची. माझी इकडे कौन्सिलच्या लायब्ररीतली नोकरी. म्हणून एजवेअरच्या घरात मी आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई, अशा दोघीच. एका सकाळी दुधाच्या बाटल्या आत घ्यायला त्या पायरीवर गेल्या, पायरीवर बर्फ गोठलेला होता, आणि मांडीचं हाड मोडलं. बारा आठवडे ट्रॅक्शन. नडगीतून सळई आरपार, तिला दोरी, दोरी पायथ्याच्या पुलीवरून खाली, आणि खाली लोंबकळणारी वजनं.

त्यांना वाटलं, कोणीतरी काढायला विसरलंय. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात पोचले तेव्हा त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला खुणा करून वजनं उचलायला सांगत होत्या. ती बिचारी उठायलाही निघाली होती. आणि पडद्यामागून मराठी आलं.

"मावशी, त्या वजनाला हात लागला तर पाय दोन इंच आखूड होईल. मग पुण्यात लक्ष्मी रोडवर कशा फिराल?"

पडदा सरकला. निळा युनिफॉर्म, पांढरी टोपी, पट्ट्याला चांदीचं बकल. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कोणाची गं?"

"भायखळ्याची."

"नाव?"

"रिबेका."

"रिबेका? आणि मराठी इतकं स्वच्छ?"

"आमचं मराठीच आहे, मावशी. दुसरं कुठलं असणार?"

आईंचं माहेर अलिबागचं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे शनिवारतेली! आमच्या घरामागेच होते की. शनिवारी घाणा बंद ठेवायचे."

तू हसलीस. "तेच आम्ही. आता तेल गेलं, शनिवार राहिला."

त्यानंतर त्या वॉर्डात आईंनी वजनाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. तू सांगशील तेवढंच पाणी, तू सांगशील तेव्हाच कुशीवर वळणं. मी सून असून दहा वर्षांत त्यांनी माझं एवढं ऐकलं नव्हतं. मला तेव्हा तुझा थोडा रागही आला होता. सांगून टाकते, आज सांगायचाच दिवस आहे.

उन्हाळ्यात आई काठी घेऊन चालायला लागल्या. सप्टेंबरात त्यांचं परतीचं विमान होतं. आणि त्यांनी हट्ट धरला, बाळूचं घर पाहिल्याशिवाय मी जायची नाही. बाळू म्हणजे आमचे हे, गळ्यापर्यंत टाय आवळणारे डॉक्टर. त्यांना आठ दिवसांची रजा मिळेना, आणि आईंना ट्रेनमध्ये तासाच्या वर बसवेना. शिवाय खाण्याचं काय? वाटेत कुठे उतरायचं तर बेड अँड ब्रेकफस्टमध्ये सकाळी बेकनचा वास, तो आला की आई जेवण सोडणार. तू त्या दिवशी आमच्याकडे चहाला आली होतीस. तुझं ज्यूंचं कोशर आणि त्यांचं सोवळं, दोघींचे खाण्याचे नियम वेगळे, पण इंग्लंडात बाहेर दोघींना चालणारा पदार्थ एकच, सालासकट उकडलेला बटाटा.

तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "मी नेते. घरच बरोबर घेऊन जाऊ."

तुझ्या पिकअपला तोवर सगळेच हसत होते. ऑर्थोपीडिक वॉर्डची सिस्टर, आणि अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर, मेथी-कोथिंबीर लावायची म्हणून नर्सरीवाल्याकडून जुना पिकअप घेते, मागे खत भरून एजवेअरच्या हाय स्ट्रीटवरून ऐटीत जाते. आयझॅकभाऊ म्हणायचे, माझी बहीण मालगाडीच्या डब्यातच जन्मली. तुमचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे त्यात थोडं तथ्यही होतं.

पेपरात जाहिरात सापडली ती ब्रॅकनेलची. एका इंजिनिअरने हौसेने आपल्या घरासमोरच्या ड्राइव्हवर कॅम्पर बनवला होता. पिकअपच्या पाठीवर बसणारी खोलीच ती. लाकडी सांगाडा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत दोन बाक, गॅसची शेगडी, एक खिडकी. चार पायांवर उभी असायची. पिकअप रिव्हर्समध्ये हळूहळू तिच्या पोटाखाली न्यायचा, मग पाय आखूड करत खोली खाली उतरवायची, आणि बांधायची. त्याच्या बायकोने एका ट्रिपनंतर त्यात पाऊल ठेवायचं नाकारलं होतं. का, ते त्याने सांगितलं नाही. तू मात्र विचारलंस, "बांधता कशाला?"

त्याने पिकअपच्या बाजूच्या पत्र्याच्या काठाला हूक अडकवून दाखवले. तू पत्रा दोन बोटांनी दाबलास. तो आत गेला, बाहेर आला.

"नलू," तू मला मराठीत म्हणालीस, "हे स्किन ट्रॅक्शन आहे. कातडीला चिकटवलेलं. चार दिवस टिकतं, मग सोलून निघतं. मावशींच्या पायाला सळई कुठून घातली होती?"

"हाडातून."

"मग हिलाही हाडालाच बांधायचं."

गाडीचं हाड म्हणजे चॅसी, खालचा लोखंडी सांगाडा. आठवडाभरात तू ओळखीच्या गॅरेजमधून चॅसीला चार जाड लोखंडी कान बोल्टने बसवून घेतलेस. कॅम्परच्या चार कोपऱ्यांना कड्या होत्याच. प्रत्येक कडी आणि तिच्या खालचा कान यांच्यामध्ये साखळी, साखळीत एक जाड स्प्रिंग, ओढलं की लांबायच्या ऐवजी दबणारी, आणि मध्ये ते तुझं लाडकं टर्नबकल. इथे दुकानात त्याला बॉटल-स्क्रू म्हणतात, तू हट्टाने टर्नबकलच म्हणायचीस. मधला दांडा फिरवला की दोन्ही टोकांचे आटे एकदमच आत येतात आणि साखळी ताणली जाते. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. तुझ्या वडिलांनी रविवारी तुला यार्डात नेऊन दोन डबे जोडणारा असाच मोठा स्क्रू दाखवला होता, तू सात वर्षांची असताना. बाकीच्या मुलींना राणीच्या बागेत नेत.

बांधायची तुझी रीत मला अजून पाठ आहे. खाली रबराची चटई, म्हणजे खोली घसरणार नाही. पुढे, केबिनच्या भिंतीशी लाकडी ठोकळे. मग पुढची डावी, मागची उजवी, पुढची उजवी, मागची डावी, थोडं थोडं, आलटून पालटून. पुढच्या दोन साखळ्या खोलीला पुढे आणि खाली ओढणार, मागच्या दोन मागे आणि खाली. शेवटी प्रत्येक टर्नबकलच्या पोटातून बँडेजची पट्टी ओवून बांधायची, रस्त्याच्या धक्क्यांनी ते आपोआप उलगडू नये म्हणून. घरातलं बँडेज संपलं तेव्हा तू माझ्या जुन्या परकराच्या चिंध्या केल्यास. परत मागितल्या तर म्हणालीस, "ड्यूटीवर आहेत."

आणि इथेच आपलं भांडण सुरू झालं.

मला वाटायचं, साखळी अजून ताणायला हवी. तू स्प्रिंगकडे बोट दाखवायचीस. "ह्या वेढ्यांमध्ये फट दिसते? ती राहू दे. रस्त्यावर चॅसी पिळवटते, खोली पिळवटत नाही. दोघींमधलं भांडण ह्या फटीत मिटतं."

"पण सैल वाटतं गं."

"सैल नाही. पुरेसं आहे. घट्ट म्हणजे सेफ असं तुला कोणी शिकवलं?"

कोणी शिकवलं म्हणजे? आयुष्यानेच. मी पुण्यात ट्रंक बांधताना वर बसून दोर ओढणारी मुलगी. तुझं म्हणणं मला त्या दिवशी पटलं नाही.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी आपण निघालो. पुढच्या लांब सीटवर तिघी. तू स्टिअरिंगवर, खिडकीशी आई पाय लांब करून, आणि मध्ये मी, गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यात. प्रत्येक वेळी तू गिअर बदललास की मी "अगं!" म्हणायचे आणि आई हसायच्या. दर तासाला थांबून तू चारी साखळ्या सतारीसारख्या छेडायचीस, मान तिरकी करून ऐकायचीस. आईंनी दुसऱ्या थांब्यावर विचारलं, "काय म्हणतायत?" तू म्हणालीस, "बऱ्या आहेत. पल्स नॉर्मल."

शुक्रवारी दुपारी, डरॅम मागे पडायच्या आधीच, तू एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या कुरणात गाडी उभी केलीस. सूर्य मावळण्याआधी तुझा शब्बाथ सुरू होणार होता. शनिवारी गाडी हलणार नाही, पाना हातात धरणार नाही, हे तू निघतानाच सांगितलं होतंस. संध्याकाळी त्या एवढ्याशा खोलीत तू तुझे दोन दिवे लावलेस आणि आईंनी शेजारीच त्यांचं निरांजन लावलं. आई म्हणाल्या, "माझं एक, तुझे दोन. तुझ्या देवाला कमी दिसतं का?" तू इतकी हसलीस की एक काडी विझली.

शनिवारचा पूर्ण दिवस तू गवतावर पालथी पडून झोपलीस. वर्षभराची झोप. आई बाकावर पाय ठेवून पुस्तक वाचत होत्या. आणि मी रिकामी. रिकामी बाई काय करते? काळजी. मी गाडीभोवती फेऱ्या मारल्या. पुढची डावी साखळी, आईंच्या बाजूची, मला लोंबल्यासारखी वाटली. हाताने हलवली तर हलली. उद्या डोंगर आहेत, हे तूच म्हणाली होतीस. तुला उठवून विचारावं तर तू पान्याचं नावही आज काढू देणार नाहीस.

मी चिंधी सोडली. दांड्यात स्क्रूड्रायव्हर घातला आणि फिरवलं. एक वेढा. दोन. तिसऱ्याला जोर लागला, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले, फट गेली. साखळी सळईसारखी ताठ झाली आणि मला फार बरं वाटलं. चिंधी पुन्हा बांधली, तुझ्यासारखीच गाठ मारून. मनात म्हटलं, उद्या हिला सांगू.

रविवारी सकाळी पाऊस. आईंचा पाय सुजलेला. त्या म्हणाल्या, मी मागे बाकावर आडवी पडून येते. मला ते योग्यच वाटलं. तू म्हणालीस, "नाही. चालत्या गाडीत मागे कोणीही बसणार नाही."

"अगं पण त्यांचा पाय..."

"नो, नलू. नोबडी."

तो तुझा वॉर्डातला आवाज होता. आई रुसून पुढे चढल्या. मी तुझ्याशी बोलणं बंद केलं. तू पावसात त्यांना चढवत, त्यांच्या पायाखाली उशी सारत, मला विचारलंस, "साखळ्या बघितल्यास?"

मी म्हटलं, "बघितल्या." एवढंच. तीन वेढ्यांचं नाव नाही. रागात होते ना.

तो रस्ता तुला आठवतो. सरळच्या सरळ उत्तरेला जाणारा, पण समुद्राच्या लाटांसारखा वर-खाली. प्रत्येक चढाच्या टोकावर पुढचा रस्ता दिसेनासा व्हायचा. कार्टर बारचा मोठा घाट अजून पुढे होता. एका उतारावर डावं चाक खड्ड्यात गेलं आणि डोक्यामागे बंदुकीसारखा आवाज झाला. गाडी उजवीकडे खेचली गेली. तू ब्रेकवर पाय आपटला नाहीस. गिअर खाली, पुन्हा खाली, माझ्या गुडघ्यांचा विचार न करता, आणि गाडी गवतात नेऊन हळूच उभी केलीस.

"काय पडलं?" आईंनी विचारलं.

"काही नाही, मावशी. चहाची वेळ झाली."

पण तुझे हात पांढरे पडले होते. ते मी पाहिले.

पुढच्या डाव्या कोपऱ्याची कडी लाकडासकट उपटून निघाली होती. खोली चार बोटं तिरकी झाली होती, कोपऱ्यातलं लाकूड चिरलं होतं. दार उघडलं तर आत सगळीकडे मेतकूट. आणि बाकावर, जिथे आईंनी सकाळी स्वतःच्या हाताने उशी ठेवली होती, त्या उशीच्या मधोमध वरच्या फळीवरून पडलेलं पोळपाट. सागवानी, जड. उशी फाटून पिसं बाहेर आली होती. आई काठीवर रेलून दारातून बघत राहिल्या. मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

तू जॅक काढायला मागे गेलीस. आणि मी, रिबेका, मी तेवढ्यात गवतात वाकले, त्या लोंबणाऱ्या टर्नबकलची चिंधी सोडली, तीन वेढे उलटे फिरवले आणि चिंधी पुन्हा बांधली. कडी सुटल्यावर स्प्रिंग मोकळीच झाली होती, तिच्यावर काही खूण नव्हती. तू परत आलीस, आटे बघितलेस, म्हणालीस, "टेन्शन तर बरोबर आहे. मग कडीच कमजोर असणार. ब्रॅकनेलला मी ती ओढून बघायला हवी होती. माझी चूक." आणि मी गप्प बसले.

तेवढ्यात तो दुधाचा टँकरवाला थांबला. लाल गालांचा, टोपी मागे सारलेला. "हूज द मेकॅनिक, देन?" आईंना वाटलं, मदत कोणाला हवी ते विचारतोय. त्यांनी काठीने तुझ्याकडे दाखवलं आणि त्यांना येणारा एकमेव इंग्रजी शब्द उच्चारला, "सिस्टर." त्याने पटकन टोपी काढली. त्याला तू नन वाटलीस. त्यानंतर तो पावसात अर्धा तास "येस, सिस्टर", "राइट, सिस्टर" करत कोपरा जॅकवर धरून उभा होता, आणि तू त्याच्या समोर खड्ड्याला अशा काही शिव्या दिल्यास की बिचाऱ्याचे कान आणखी लाल झाले. बरं झालं, त्या मराठीत नव्हत्या, आईंना कळल्या नाहीत.

तू त्या चिरलेल्या कोपऱ्याला स्प्लिंट घातलंस. जेवणाच्या टेबलाची फळी काढून कोपऱ्याला टेकवलीस, वरून कपडे वाळत घालायची दोरी चार पदरी गुंडाळलीस आणि खाली चॅसीच्या कानातून ओवून घेतलीस. मग हात पुढे केलास, ऑपरेशन थिएटरमध्ये करतात तसा.

"लाटणं."

"काय?"

"लाटणं दे, नलू!"

मी दिलं. दोरीच्या पदरांमध्ये लाटणं घालून तू ते पिळत गेलीस. वॉर्डात मोडलेल्या पायाच्या स्प्लिंटची दोरी काडी घालून पिळतात, अगदी तसंच, हे तू मला पिळता पिळताच समजावलंस. दोरी ताठ झाली, खोली कुरकुरत जागेवर आली. आणि तू थांबलीस. दोरीला अजून एक पीळ बसला असता. तू बसू दिला नाहीस. लाटणं बांधून टाकलंस.

कार्टर बार आपण बैलगाडीच्या वेगाने चढलो. सीमेच्या दगडापाशी पाऊस थांबला आणि खाली हिरवं-जांभळं स्कॉटलंड पसरलेलं दिसलं. आई म्हणाल्या, "म्हणजे इथून बाळूचं राज्य." मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, आणि तू त्या सगळ्यांना हात हलवून जणू मिरवणूक निघाल्यासारखी चालली होतीस. हॉस्पिटलच्या क्वार्टरखाली पोचलो तर हे पांढऱ्या कोटातच धावत आले. आईला बघून डोळे भरले, पण बोलले काय? "हे लाटणं इथे बाहेर काय करतंय?"

त्यांच्या खोलीत आईंनी दुधाच्या बाटलीने पोळ्या लाटल्या, कारण लाटण्याला तू डिस्चार्ज दिला नव्हतास. तू वाटेत नवस बोलली होतीस म्हणे, सुखरूप पोचलो तर मलिदा करीन. गोड पोह्यांत खोबरं, वेलची, वर फळं, आणि तुझ्या एलियाहू नबीचं नाव. आई खाऊन म्हणाल्या, "हा देव आमच्याकडे जेवायला चालेल." त्यांनी त्या एका खोलीचा कोपरा न कोपरा पाहिला. बाळूची गादी दाबली, कपाट उघडलं, खिडकीतून दिसणारी धुराडी मोजली. मग म्हणाल्या, आता मी जाते सुखाने. आणि सप्टेंबरात गेल्या. पुण्याहून त्यांच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ तुझी असते. तू गेलीस हे त्यांना अजून कळवायचं आहे. कागद समोर ठेवलाय, शब्द सापडत नाहीयेत.

तू परत आल्यावर चारी कड्या बदलल्यास, आतून लोखंडी पट्ट्या लावल्यास. त्यानंतर आपण वेल्सला गेलो, कॉर्नवॉलला गेलो, हे परत आल्यावर तिघं मिळून लेक डिस्ट्रिक्टला गेलो. एकदाही काही हललं नाही. आणि प्रत्येक पार्टीत, प्रत्येक दिवाळीला, तुझ्या हनुक्काला, कोणी ना कोणी म्हणायचं, "रिबेका, ती लाटण्याची गोष्ट सांग." तू सांगायचीस. रंगवून, टँकरवाल्याची नक्कल करून. आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणायचीस, "पण चूक माझीच. कडी तपासली नाही. सिस्टर असून तपासली नाही." लोक टाळ्या वाजवायचे. मी चहा गाळायला आत जायचे.

त्यातून वर मी तुझ्याशी भांडायचे! मागच्या वर्षीसुद्धा, अलॉटमेंटवर, तू गुडघ्यावर बसून साखळी लावत होतीस आणि मी म्हटलं, अजून ताण. तू म्हणालीस, "नलू, तू मरेपर्यंत सुधारणार नाहीस." मी म्हटलं, "बघू कोण आधी मरतं ते." आता हे वाक्य मला भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही आठवतं. त्याला तू दिलेलं उत्तरही आठवतं, देवाची कृपा: "मरायच्या आधी तो पाना दे."

तू आजारी पडलीस तेव्हा हॉस्पिटलमध्ये तुला सांगायचं ठरवून आले होते. तू त्या कोवळ्या नर्सला चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते शिकवत होतीस. मला बसायला सांगितलंस आणि झोपलीस. मी तासभर बसले. तू इतकी शांत झोपली होतीस की मला उठवावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, गुरुवारी सांगू. तू बुधवारी गेलीस.

आता परवाचं. आयझॅकभाऊ तुमच्या रीतीप्रमाणे सात दिवस सुतकात बसले होते, घरातले आरसे झाकलेले, आम्ही दोघंही गेलो होतो. खोली भरलेली. तुझ्या वॉर्डच्या दोन नर्सेस, सिनेगॉगमधली माणसं, अलॉटमेंटवरचा तो म्हातारा इंग्रज. बोलता बोलता कोणीतरी लाटण्याची गोष्ट काढली. आयझॅकभाऊंनी ती तुझ्याच शब्दांत सांगितली आणि शेवट तसाच केला: "पण बहीण म्हणायची, चूक माझीच."

मी उभी राहिले. मला भाषण करता येत नाही, तुला माहीत आहे. आधी मराठीत बोलले, मग त्या नर्सेसना कळावं म्हणून इंग्लिशमध्ये. म्हटलं, "तिची चूक नव्हती. तिने बरोबर बांधलं होतं. ती झोपली होती तेव्हा मी तीन वेढे जास्त फिरवले. कडी माझ्यामुळे तुटली. आणि नंतर मी ते वेढे उलटे फिरवून ठेवले, तिला कळू नये म्हणून. सात वर्षं मी तिला माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊ दिली."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांची आई त्या उशीवर असती, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. त्यांनी हळूच माझा हात धरून मला खाली बसवलं आणि तो हात सोडला नाही.

आयझॅकभाऊ बुटक्या स्टुलावर बसले होते. सुतकाच्या रीतीने पायांत चपला नव्हत्या. त्यांनी मान वर केली.

"नलूवहिनी," ते म्हणाले, "माझ्या बहिणीने जन्मात एकच चूक कबूल केली होती. तेवढ्या एका चुकीवर आम्ही भावंडं तिच्यासमोर तोंड उघडायचो. आज तुम्ही तीसुद्धा काढून घेतलीत."

आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. मग त्या नर्सेस, मग हे, मग सगळी खोली. त्या इंग्रज म्हाताऱ्याला काही कळलं नव्हतं, तोही हसला. सातव्या दिवशीही तुझ्या घरात एवढा आवाज झाला की शेजारीण दार वाजवून गेली.

सगळ्यांनी मला माफ केलं, रिबेका. जाताना एकेकाने माझे खांदे थोपटले. पण मला ते नको आहे. मला हवं होतं की तू कमरेवर हात ठेवून उभी राहावीस आणि वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी मला झापावीस. मी रडले असते, उलट बोलले असते, आठ दिवस फोन केला नसता. आणि नवव्या दिवशी तूच दारात हजर झाली असतीस, हातात मेथीची जुडी घेऊन, आणि आत न येता विचारलं असतंस, "राग गेला असेल तर चहा टाक."

तुझी,
नलू